बावीस जर्स्या

पहाटे चारला मासेरूच्या पुलावर बस थांबली
आणि शिक्केवाल्यानं माझं पोतं उघडायला लावलं.
बावीस जर्स्या, मी म्हटलं. पिवळ्या.
तो मोजू लागला, मीही ओठांत मोजल्या,
आठवडाभर मोजतेय तशा,
पत्र्याच्या टबात, दोरीवर, इस्त्रीखाली.
क्लबाकडे दुसरा जोड नाही.

"कुठे निघालात?"
"घरच्या मॅचला."
त्यानं पासपोर्टावरून मान वर केली.
आता याला काय सांगायचं,
की आमचं मैदान पाहणीत नापास झालं,
दिवे कमी, खुर्च्या कमी,
कपडे बदलायच्या खोलीत एकच नळ
आणि ऑगस्टात तोही गोठलेला;
म्हणून आमच्या देशाचा विजेता
पाहुण्यांना घरी बोलावतो
ते दुसऱ्याच्या घरी.

बसमध्ये सेक्रेटरी मोखेथी उभे राहिले.
अख्ख्या आफ्रिकेतल्या विजेत्यांची स्पर्धा आहे, म्हणाले,
तिकडे जाऊन तीन खाल्ले, ते विसरा, मान राखा,
आणि मॅच संपल्यावर कुणी जर्सी बदलायची नाही.
बदलेल त्याचा अर्धा पगार कापीन.
कसला पगार, मागून कुणीतरी विचारलं,
आणि बस हसली.
गोलकीपर वाहतूक पोलीस,
डावीकडचा पोरगा मेंढ्या कातरतो,
चार नंबरचा मोलेफी
जीन्सच्या कारखान्यात दिवसाला सहाशे खिसे शिवतो.
हात त्यांत दुसरेच लोक घालतात.

ते समुद्राकाठचे, पार उत्तरेच्या टोकाचे.
स्वतःचा आचारी, स्वतःचं पाणी,
आणि जर्स्यांच्या पेट्या इतक्या
की मी मोजायचं सोडून दिलं.
पांढऱ्या. छातीवर हिरवा तारा.

दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल.
मग मी मांडीवरच्या पोत्याकडे बघत बसले.
वेल्कमच्या खाणीतली आमची माणसं आली होती, साठ-सत्तर,
रात्रपाळी करून, ब्लँकेटं पांघरून.
आम्हाला एक कॉर्नर मिळाला
तर त्यांनी असा गलका केला
की पाहुण्यांच्या गोलकीपरनं दचकून मागे पाहिलं,
चेंडू जाळ्यात तर नाही?
नव्हता.
चार-शून्य.

पण बहात्तराव्या मिनिटाला त्यांचा नऊ नंबर एकटा सुटला
आणि मोलेफीनं त्याच्या पायातून चेंडू काढला,
कापडातून टाचणी काढावी तसा,
एकही धागा न ओढता.

शिटी झाली. नऊ नंबर सरळ त्याच्याकडे चालत आला,
अंगातली जर्सी काढून पुढे धरली.
मोलेफीनं आधी मोखेथींकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
पुढे आलेला हात रिकामा परतवू नये,
एवढं आमच्यात शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं.
मी पोत्याचं तोंड उघडून धरलं.

रात्री पुलावर पुन्हा तोच शिक्केवाला.
एकवीस पिवळ्या, मोजून झाल्यावर म्हणाला, एक पांढरी.
"ही कुठून? विकत घेतली?"
"मिळवली."
"काय झालं मॅचचं?"
"चार-शून्य."
"कुणाचे चार?"
मी पोत्याची गाठ मारत राहिले.
त्यानं शिक्का मारला, जरा हळूच.

मोलेफी या नावाचा अर्थच भरपाई करणारा.
मोखेथी खरोखरच कापतायत, त्याच्या बसभाड्यातून;
तो सरावाला चालत येतो.
पांढरी मी कांद्याच्या सालींत उकळली,
चार नंबर त्यानंच शिवला, कारखान्याच्या टाक्यानं.
रविवारी लीगच्या मॅचला रेफ्रीनं दोनदा निरखून पाहिलं
आणि खेळ सुरू केला.

पिवळा काही जुळत नाही.
दर धुण्याला थोडा उतरतो
आणि खालून तो तारा वर येतो.
तुरटीनं रंग धरतो म्हणतात.
पुडी आणून ठेवलीय,
टबाशेजारीच आहे.